कोणता कान?

प्रश्नमंजुषेच्या पडद्यावर चित्र आलं. काळ्या फरची निळी टोपी, जाडजूड हिरवा कोट आणि कानावरून हनुवटीखाली गुंडाळलेली पांढरी पट्टी. प्रश्न एका ओळीचा होता : व्हिन्सेंट व्हॅन गॉगने स्वतःचा कोणता कान कापला? वेळ तीस सेकंद. बहुतेक संघांनी प्रश्न वाचून संपायच्या आत उत्तर लिहून कागद पालथा घातला. एका संघातली मुलगी मात्र चित्राकडे बघत बसली. तिचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. मग ती थबकली, मान जराशी वळवून चित्रातल्या माणसासारखी बसली, दुसरा हात उजव्या कानावर ठेवला, पुन्हा एकदा पडद्याकडे बघून खात्री करून घेतली आणि लिहिलं, 'उजवा'. उत्तर जाहीर झालं, 'डावा'. ज्यांनी चित्राकडे धड पाहिलंही नव्हतं त्यांना गुण मिळाले, तिला शून्य. तिने काही विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्न आला होता.

उत्तर बरोबरच आहे. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री फ्रान्समधल्या आर्लमध्ये व्हॅन गॉगने वस्तऱ्याने कापला तो डावाच कान. पण हे चित्र त्याने रुग्णालयातून परतल्यावर, जानेवारी १८८९ मध्ये, आरशासमोर बसून रंगवलं. आरशात डावं ते उजवं दिसतं, आणि जे दिसलं तेच त्याने कॅनव्हासवर उतरवलं. म्हणून चित्रातल्या माणसाची पट्टी उजव्या कानावर आहे. म्हणजे त्या मुलीने चित्र अचूक वाचलं होतं. प्रश्नाबरोबर चित्र दाखवलं होतं ते केवळ शोभेला. उत्तराला त्याची गरजच नव्हती, उलट चित्र बघणाऱ्याचा त्याने घातच केला. कलेवरच्या प्रश्नात, कलाकृती समोर असताना, बघणाऱ्याचं नुकसान आणि न बघणाऱ्याचा फायदा व्हावा, ही गोष्ट मनातून जात नाही.

प्रश्न चुकीचा नव्हता. अर्धा होता.

उरलेला अर्धा भाग खरं तर जास्त रंगतदार आहे. छायाचित्रण येण्याआधीच्या जवळजवळ प्रत्येक स्वचित्रात एक आरसा दडलेला असतो, आणि त्या आरशाचं काय करायचं हे प्रत्येक चित्रकाराला ठरवावं लागतं. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये रेम्ब्राँचं उतारवयातलं एक स्वचित्र आहे. हातात पॅलेट आणि कुंचले, मागच्या भिंतीवर दोन मोठी अर्धवट वर्तुळं. त्याची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा रंगाखाली वेगळीच मांडणी सापडली. आधी त्याने आरशात दिसतं तसंच, उलट्या हातात कुंचला धरलेला रंगवला होता, आणि मागाहून हातांची अदलाबदल केली. एकाने आरसा तसाच ठेवला, दुसऱ्याने तो पुसून टाकला. 'कोणता कान' या प्रश्नाच्या पोटात एवढं सगळं होतं, आणि तीस सेकंदांत ते 'डावा' या एका शब्दावर येऊन संपलं.

कलेवरचे प्रश्न बहुतेकदा गोष्टींवर बेतलेले असतात, आणि ते साहजिक आहे. कुंचल्याच्या फटकाऱ्यावर प्रश्न विचारणं अवघड, चोरीवर विचारणं सोपं. मोनालिसाची चोरी घ्या. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, संग्रहालय बंद असण्याचा दिवस. व्हिन्चेन्झो पेरुजाने, जो पूर्वी लूव्रमधल्या चित्रांना काचा बसवण्याच्या कामावर होता, चित्र भिंतीवरून काढलं आणि नेलं. चित्र जागेवर नाही हे मंगळवारी लक्षात आलं, तेही एक चित्रकार त्या दालनात काम करायला आला आणि त्याने चौकशी केली म्हणून. तोवर सगळ्यांचा समज असा की चित्र फोटो काढायला नेलं असेल. दोन वर्षांहून जास्त काळ ते पॅरिसमध्ये पेरुजाच्या खोलीत होतं. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लोरेन्समध्ये विकायचा प्रयत्न करताना तो पकडला गेला. या हकिकतीतून दहा प्रश्न निघतात आणि दहाही चालतात. पण यातला एक तपशील मला इतर सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. संग्रहालय पुन्हा उघडल्यावर लोकांनी रांगा लावल्या, त्या रिकामी भिंत बघायला. चित्र नव्हतं, नुसते खिळे होते, आणि लोक त्या मोकळ्या जागेसमोर उभे राहून बघत होते. त्यातल्या कितीतरी जणांनी चित्र असताना ते कधी पाहिलंही नसेल.

गोष्ट माणसाला चित्रापर्यंत आणते. मग कधी कधी तीच चित्राच्या आणि माणसाच्या मधे उभी राहते.

याच चोरीवर एक फसवा प्रश्न नेहमी निघतो : पेरुजाने कॅनव्हासची गुंडाळी करून ती कुठे लपवली? मोनालिसा कॅनव्हासवर नाहीच. ती पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेली आहे, साधारण ७७ बाय ५३ सेंटिमीटर. फळीची गुंडाळी होत नाही. आपल्याकडे तर भाषाच या चुकीला हातभार लावते. कोणतंही जुनं, गंभीर चित्र म्हणजे 'तैलचित्र', आणि तैलचित्र म्हटलं की कॅनव्हास आलाच. माध्यम आणि पृष्ठभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तैलरंग लाकडावर असू शकतो, तांब्याच्या पत्र्यावर असू शकतो, भिंतीवरही असू शकतो. प्रश्न काढणाऱ्याने या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या नाहीत तर उत्तराची चूक त्याच्या हातून प्रश्नातच होऊन बसते.

असंच 'भित्तिचित्र' या शब्दाचं. भिंतीवर जे रंगवलं ते भित्तिचित्र, इतकाच त्याचा अर्थ. फ्रेस्को हा त्यातला एक प्रकार झाला, आणि तो करायला कठीण. चुन्याचा ओला गिलावा भिंतीवर चढवायचा आणि तो ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावायचे. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा कठीण थर बनतो आणि रंगाचे कण त्या थरात कोंडले जातात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात, एक दिवसाचं काम. संध्याकाळी उरलेला गिलावा खरवडून काढायचा, दुसऱ्या दिवशी त्या कडेला नवा जोडायचा. नीट बघितलं तर हे सांधे आजही दिसतात आणि चित्रकाराचे दिवस मोजता येतात. चूक झाली तर वरून रंग फासून भागत नाही. गिलावा फोडून पुन्हा करावा लागतो.

लिओनार्दोचं 'अखेरचं भोजन' फ्रेस्को आहे असं कितीतरी प्रश्नसंचांत लिहिलेलं असतं. ते नाही, आणि का नाही हे कळलं की मागची गोष्ट आपोआप उलगडते. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात, १४९५ ते १४९८ च्या सुमारास, लिओनार्दो हे चित्र करत होता. मात्तेओ बान्देल्लो नावाच्या लेखकाने लहानपणी त्याला तिथे काम करताना पाहिलं होतं, आणि पुढे ते लिहून ठेवलं. काही दिवस लिओनार्दो पहाटे परांचीवर चढायचा आणि अंधार पडेपर्यंत कुंचला खाली ठेवायचा नाही, खाणंपिणं विसरून. मग दोन-चार दिवस कुंचल्याला हातही लावायचा नाही, तासन्‌तास नुसता हाताची घडी घालून चित्रासमोर उभा. आणि कधी भर दुपारच्या उन्हात दुसरं काम टाकून यायचा, एक-दोन फटकारे मारायचा आणि निघून जायचा. ज्याची काम करण्याची रीत ही, त्याला सकाळी लावून संध्याकाळी सुकणारा गिलावा कसा मानवणार? म्हणून त्याने सुक्या भिंतीवर, पांढऱ्या अस्तरावर, टेम्परा (अंड्यात कालवलेले रंग) आणि तेल वापरून रंगवलं. हवं तेव्हा थांबता आलं, हवं तिथे पुन्हा हात फिरवता आला. पण रंग भिंतीचा झाला नाही. त्याचे पोपडे लिओनार्दोच्या हयातीतच सुटायला लागले. १६५२ मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं, त्यात येशूची पावलं गेली. १९७८ मध्ये सुरू झालेलं शेवटचं मोठं जतनकाम १९९९ मध्ये संपलं.

आता 'हे चित्र फ्रेस्को आहे का?' असा हो-नाहीचा प्रश्न विचारला तर अर्ध्या लोकांचं उत्तर अंदाजाने बरोबर येईल. त्याऐवजी बान्देल्लोने पाहिलेला चित्रकार चार ओळींत सांगावा आणि विचारावं, या सवयीच्या माणसाने कोणतं तंत्र टाळलं असेल? ज्याला फ्रेस्को कसा करतात हे माहीत आहे त्याला उत्तर सुचतं, आणि सुचताना होणारा आनंद वेगळा असतो. अजिंठ्याच्या बाबतीतही हीच गल्लत होते. तिथली चित्रं सुकलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत, तरी 'अजिंठ्याचे फ्रेस्को' हे शब्द छापून येतच राहतात. छापील शब्द पुढच्या प्रश्नसंचात उतरतो, तिथून त्याच्या पुढच्या. एकदा लागलेलं वळण सुटत नाही.

मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत पाठीवर झोपून रंगवलं, हे असंच एक वळण. १५०८ ते १५१२ या काळातल्या त्या कामाबद्दल त्याने स्वतः एक विनोदी, कळवळलेलं सुनीत लिहिलं आहे आणि कडेला स्वतःचं छोटं रेखाटनही केलं आहे. रेखाटनातला माणूस उभा आहे. मान मागे मोडलेली, हात डोक्याच्या वर. सुनीतात तो म्हणतो की दाढी आभाळाकडे झाली आहे आणि कुंचल्यातून गळणाऱ्या रंगाने तोंडाची फरशी झाली आहे. चित्रकाराने स्वतः काढून दिलेलं उत्तर उपलब्ध असताना आपण झोपलेला माणूस कवटाळून बसलो आहोत. मला वाटतं, झोपून रंगवणं ऐकायला चमत्कारिक आहे म्हणून ते टिकलं. चार वर्षं मान मोडून उभं राहणं नुसतं दुखरं आहे.

प्रश्न काढताना सर्वांत दगा देणारा शब्द कोणता, असं विचारलं तर मी 'मूळ' हा शब्द सांगेन. 'होकुसाईच्या मोठ्या लाटेचं मूळ चित्र कोणत्या संग्रहालयात आहे?' हा प्रश्न दिसायला निरागस आहे. पण या जपानी चित्रकाराची १८३१ च्या सुमाराची ही लाट लाकडी ठशांनी छापलेली आहे. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन केलं, कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला आणि रेषांच्या आजूबाजूचं लाकूड कोरून काढलं. कोरताना कागदही गेला. मूळ म्हणावं असं जे हाताने काढलेलं होतं, ते ठसा तयार होताना नष्ट झालं; होकुसाईचा त्याला इलाज नव्हता आणि त्याची अपेक्षाही तीच होती. मग बाह्यरेषांचा एक ठसा, रंगांचे वेगळे ठसे, कोपऱ्यात कागद नेमका बसावा म्हणून कोरलेल्या खुणा, आणि एकाच चित्राच्या कितीतरी प्रती. जगातल्या अनेक संग्रहालयांत आज या लाटेच्या प्रती आहेत आणि त्यातली प्रत्येक अस्सल आहे. पण सगळ्या सारख्या नाहीत. छापता छापता ठसा झिजतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात शीर्षकाची उभी चौकट आहे, तिची रेषा उशिराच्या प्रतींत मधेच तुटते, आणि त्या तुटण्यावरून कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची हे जाणकार ओळखतात. आकाशात सुरुवातीला फिकट गुलाबी छटेचे ढग होते, ते बऱ्याच प्रतींत उडून गेले आहेत.

तीच शीर्षकाची चौकट प्रश्न काढणाऱ्याच्याही कामाची आहे. लाटेचा फोटो आडवा उलटून छापलेला असेल तर चौकट उजवीकडे जाते. मोठी लाट डावीकडून उसळून उजवीकडे वाकलेली हवी. उलटं चित्र दाखवण्याची चूक फार सहज होते, कारण निसर्गचित्र उलटलं तरी निसर्गचित्रच दिसतं. सही, अक्षरं, कोटाची गुंडी, लिहिणारा हात, यांपैकी काहीतरी एक संग्रहालयाच्या स्वतःच्या छायाचित्राशी ताडून पाहिल्याशिवाय चित्र पडद्यावर नेऊ नये.

या लाटेवर मला आवडणारे दोन प्रश्न आहेत. ज्या मालिकेतलं हे चित्र आहे तिचं नाव 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं'. त्या मालिकेत चित्रं किती? उत्तर सेहेचाळीस. छत्तीस खपली, म्हणून आणखी दहा काढली, नाव मात्र तेच राहिलं. दुसरा प्रश्न त्याहून साधा : चित्रात होड्या किती? ज्यांनी ही लाट शेकडो वेळा पाहिली आहे तेही इथे अडखळतात. लाट इतकी मोठी, तिच्या टोकाची नखं इतकी धारदार की नजर तिथेच अडकते. मग खाली उतरावं लागतं. एक होडी उजवीकडे, एक मधे पलीकडे, आणि एक डावीकडे लाटेच्याच पोटात, जिचा थोडासाच भाग दिसतो. तीन. प्रत्येकीत वल्ह्यांवर ओणवी झालेली माणसं आहेत. एकदा ही माणसं दिसली की लाटेची भीती पहिल्यांदा खरी वाटते. आणि होड्या शोधता शोधता पुढच्या छोट्या लाटेचा आकार नेमका फुजीसारखा आहे हेही कुणाच्या तरी लक्षात येतंच.

बघायला लावणारा प्रश्न असा असतो. त्याचं उत्तर डोळ्यांसमोर असतं आणि तरी शोधावं लागतं.

रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'वर नेहमीचा प्रश्न चित्रकाराचं नाव आणि साल विचारतो : १६४२. त्याऐवजी विचारावं, या चित्रात दिवस आहे की रात्र, आणि पुरावा दाखवा. मधोमध काळ्या पोशाखातला कॅप्टन फ्रान्स बानिंग कॉक डावा हात पुढे करून बोलतो आहे. त्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडली आहे, बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट. डावीकडून, वरून, उजेडाचा झोत येतो आहे. म्हणजे हा रात्रीचा पहारा नाहीच. वार्निशचे थर काळवंडत गेले, त्यावर धूर-धूळ बसली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी त्या अंधारालाच नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर वार्निश साफ झालं, उजेड परत आला. नाव परत गेलं नाही. हा प्रश्न पडद्यावर दाखवायचा तर आधी त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर चित्र लावून बघायला हवं. स्वस्त प्रोजेक्टरवर गडद भाग नुसते काळे ठिक्कर होतात, हाताची सावली दिसत नाही आणि चित्र पुन्हा रात्रीत जातं. सावलीचा भाग वेगळा मोठा करून दुसऱ्या पडद्यावर द्यावा, हे उत्तम.

याच चित्रात माणसं किती, हा प्रश्न मात्र टाळावा. १७१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात नेताना जागेत बसावं म्हणून चित्र चारही बाजूंनी कापलं, डावीकडून सर्वांत जास्त. त्या पट्टीबरोबर काही माणसंही गेली. कापण्याआधी खेरिट लुंडेन्सने केलेली छोटी नक्कल टिकली म्हणून ती कोण होती हे तरी कळतं. पूर्वी कॅप्टन आणि लेफ्टनंट मध्यापासून थोडे उजवीकडे होते, तुकडी त्यांच्या मागून चालत पुढे येते आहे असं वाटायचं. आता ते मधोमध आहेत आणि चाल मंदावली आहे. तेव्हा 'किती माणसं' या प्रश्नाला दोन उत्तरं होतात, त्याशिवाय अंधारातलं अर्धं डोकं माणूस धरायचं की नाही यावर वाद होतो. वाद झाला की प्रश्न मेला.

गोष्टीवरचा प्रश्न काढायचा असेल तर गोष्ट कुणी सांगितली हे प्रश्नातच घालावं. झ्यूक्सिस आणि पॅऱ्हासियस या ग्रीक चित्रकारांची पैज घ्या. झ्यूक्सिसने द्राक्षं अशी रंगवली की पक्षी चोच मारायला आले. मग तो ऐटीत पॅऱ्हासियसला म्हणाला, आता तुझ्या चित्रावरचा पडदा बाजूला कर. पडदा हेच चित्र होतं. झ्यूक्सिसने हार मानली, कारण त्याने पक्ष्यांना फसवलं, पॅऱ्हासियसने चित्रकाराला. हे खरंच घडलं का, याचा छडा लागणार नाही; चित्रांपैकी काहीच उरलेलं नाही. पण 'रोमन लेखक थोरल्या प्लिनीने सांगितल्याप्रमाणे' एवढे शब्द जोडले की प्रश्न प्रामाणिक होतो. 'व्हॅन गॉगचं हयातीत विकलं गेलेलं एकमेव चित्र कोणतं?' या फार गाजलेल्या प्रश्नाचंही तेच. 'लाल द्राक्षमळा' १८९० मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात चित्रकार आना बॉक हिने ४०० फ्रँकला घेतलं, हे पक्कं आहे. 'एकमेव' मात्र पक्कं नाही, आणि १८८२ मध्ये त्याच्या काकांनी हेग शहराची बारा रेखाचित्रं पैसे देऊन करून घेतली होती, हेही नोंदलेलं आहे. 'एकमेव' काढून टाकला तर प्रश्नातलं करुण रस थोडं कमी होतं. होऊ द्यावं. आना बॉक स्वतः चित्रकार होती आणि तिने हे चित्र निवडलं, यातही पुरेसा जिव्हाळा आहे. त्याचप्रमाणे 'सर्वांत महाग' असा शब्द आला की महिना आणि साल जोडावं, आणि व्हर्मीरच्या 'मोत्याचं डूल घातलेली मुलगी'सारख्या चित्राला, ज्याचं साल 'सुमारे १६६५' असंच लिहिलं जातं, अचूक साल विचारूच नये. पाच वर्षं इकडेतिकडे चालतील असं आधी सांगावं.

चित्राचा तुकडा दाखवून चित्र ओळखा, ही फेरी सगळ्यांना आवडते आणि बहुतेक वेळा ती वाया जाते, कारण तुकडा चेहऱ्याचा असतो. चेहरा दिसला की खेळ संपला. साधारण दहावा हिस्सा घ्यावा, तोही जिथे चित्रकाराने हात मोकळा सोडला आहे तिथला : बाहीची चुणी, टेबलाची कड, पायाखालची जमीन. मग चार पायऱ्यांत चित्र उघडत न्यावं आणि गुण पाच, तीन, दोन, एक असे उतरत ठेवावेत. मूळ प्रतिमा मोठी नसेल तर तुकड्याचे चौकोन चौकोन दिसतात आणि कुंचल्याचा फटकारा कळत नाही. मग लोक चित्र नाही, धूसर डाग ओळखत बसतात. हॉल्बाइनच्या १५३३ च्या 'राजदूत' या चित्रासाठी तर पडदा उपयोगाचाच नाही. दोन माणसांच्या पायाशी जमिनीवर एक तिरका, ताणलेला पांढुरका आकार आहे, समोरून काय आहे ते कळत नाही. कागदावर छापून प्रत्येक संघाला एकेक प्रत द्यावी. कागद डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून उजव्या कडेला डोळा टेकवून बघितलं की तो आकार गोळा होतो आणि मानवी कवटी होते. संघातला एक जण कागद तिरका करतो, अचानक "अरे!" म्हणतो, आणि मग बाकीच्यांना कागद हवा असतो. याला दीड मिनिट द्यावं. तीस सेकंदांत माणूस आठवू शकतो. बघायला वेळ लागतो.

बघण्याची वेळ नुसती लांबवून सगळं साधतं असंही नाही. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातिसचं 'ल बातो', कापलेल्या कागदाचं एक होडीचं चित्र, ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. खरं तर वर होडी हवी, खाली पाण्यातलं प्रतिबिंब. इतके दिवस इतक्या लोकांनी, कलेतल्या माणसांनीही, ते पाहिलं. शेवटी एका प्रेक्षक बाईंना खटकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं : प्रतिबिंबात वस्तूपेक्षा जास्त बारकावे कसे असतील? कोणतीही तारीख, कोणतंही नाव त्यासाठी लागलं नाही. पाणी कसं असतं एवढंच माहीत असणं पुरलं.

पुन्हा प्रतिबिंबच. त्या कानापाशी परत आणून सोडणारं.

त्या कानाचं उत्तरही स्थिर नव्हतंच. कित्येक वर्षं पुस्तकांत लिहिलेलं असायचं की व्हॅन गॉगने कानाची पाळी तेवढी कापली. प्रश्नमंजुषांतही तेच उत्तर धरलं जायचं. २०१६ मध्ये एक कागद उजेडात आला. आर्लच्या रुग्णालयात ज्यांनी त्याच्यावर उपचार केले ते डॉक्टर फेलिक्स रे यांनी १९३० मध्ये एका अमेरिकी लेखकासाठी कानाची दोन रेखाटनं करून दिली होती. एकात वस्तरा कुठून फिरला ती तुटक रेषा, दुसऱ्यात मागे काय उरलं ते. जवळजवळ सगळा कान गेला होता. उरली होती ती पाळीची कडा. म्हणजे नेमकं उलटं. त्या डॉक्टरांची ती साधी, जरा घाईची रेषा बघताना गोष्टीचा सगळा झगमगाट उतरतो आणि एका जखमेचं वजन हाताला लागतं. मग पुन्हा त्या चित्राकडे गेलं की पट्टी इतकी जाड का आहे, कोट घरातही गळ्यापर्यंत का लावलेला आहे, मागे घोडीवर कोरा-अर्धा कॅनव्हास का ठेवलेला आहे, हे सगळं वेगळं दिसायला लागतं. तो माणूस कामाला बसला आहे.

मी तो प्रश्न असा विचारला असता. चित्र पूर्ण पडदाभर, नव्वद सेकंद. चित्रातल्या माणसाने पट्टी कोणत्या कानावर बांधली आहे? खरोखर कापलेला कान कोणता? दोन उत्तरं वेगळी वाटत असतील तर कारण एका ओळीत लिहा. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला दोन, कारणाला चार.

आणि मग त्या मुलीचं काय झालं असतं, याचा विचार करताना एक गोष्ट उशिरा लक्षात येते. पट्टी चित्राच्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे समोर बसलेल्याच्याही डाव्या हाताला. चित्राकडे आरशात बघितल्यासारखं बघितलं तर हात डाव्या कानाकडे जातो. मान वळवून, विचार करून, चित्रातल्या माणसाच्या जागी बसण्याआधी तिचा हात पहिल्यांदा तिथेच गेला होता. त्या एका क्षणापुरती ती, जानेवारी १८८९ मध्ये व्हॅन गॉग बसला होता तशी, आरशासमोर बसली होती.